लाएर्शियसचा दुसरा खंड: सुख आणि संशय वाचणाऱ्यांनी घ्यावा का?

प्राचीन ग्रीकांचे सुखवादी आणि संशयवादी पंथ मुळातून वाचायला बसलं की लगेच लक्षात येतं, मूळ फारसं उरलेलंच नाही. सुखवादी एपिक्युरसच्या नावावर सुमारे ३०० गुंडाळ्या सांगतात. त्यातलं सलग आणि पूर्ण असं हाती लागतं ते तीन पत्रं आणि ४० सूत्रं एवढंच. संशयवाद्यांचा मूळपुरुष पिरो, त्याने काही लिहून ठेवलं नाही. एपिक्युरसच्या आधीचा सुखवादी अरिस्टिपस, त्याच्या नावावरचं सगळं काळाच्या ओघात गेलं. या मंडळींपर्यंत जाणारी मुख्य वाट एकाच ग्रंथातून जाते. तो म्हणजे डायोजिनिस लाएर्शियसने, बहुधा इ.स.च्या तिसऱ्या शतकात, दहा पुस्तकांत लिहिलेली तत्त्वज्ञांची चरित्रं. लोएब क्लासिकल लायब्ररी या ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या मालिकेने ती दोन खंडांत काढली आहेत. भाषांतर रॉबर्ट ड्रू हिक्स यांचं, पहिलं प्रकाशन १९२५ सालचं. हे परीक्षण त्यातल्या दुसऱ्या खंडाचं आहे, म्हणजे मालिकेतल्या १८५ क्रमांकाच्या हिरव्या पुस्तकाचं, आणि तेही एकाच गरजेपुरतं: सुख आणि संशय या दोन विषयांवर ग्रीक काय म्हणत होते ते नीट समजून घ्यायचं असेल तर हा खंड कितपत पुरतो?

घ्यावा, हे आधीच सांगून टाकतो. पण एकटा घेऊ नये, आणि पहिल्या पानापासून तर मुळीच वाचू नये.

खंडात सहा ते दहा ही पुस्तकं आहेत. सहाव्यात सिनिक, सातव्यात स्टोइक, आठव्यात पायथागोरस आणि त्याच्या वाटेचे लोक. नवव्याची सुरुवात हेराक्लायटसपासून होते आणि शेवटी पिरो व त्याचा शिष्य टायमन येतात. दहावं पुस्तक सबंध एपिक्युरसचं. आपल्या कामाचा भाग म्हणजे नवव्यातले परिच्छेद ६१ ते ११६ आणि दहावं पूर्ण. डाव्या पानावर ग्रीक, उजव्या पानावर इंग्रजी, आणि परिच्छेदांचे क्रमांक छापलेले. हे क्रमांक कुठल्याही आवृत्तीत आणि भाषांतरात सारखेच असतात, म्हणून टिपणं काढताना पान क्रमांक लिहायच्या भानगडीत पडू नये, ‘१०.१२२’ (पुस्तक दहा, परिच्छेद १२२) असं लिहावं, म्हणजे पुढे आवृत्ती बदलली तरी टिपण बाद होत नाही.

आता हा खंड एकटा का पुरत नाही ते. ग्रीक सुखवाद एपिक्युरसपासून सुरू होत नाही. सायरीनीचा अरिस्टिपस, त्याची मुलगी अरेटी, तिने शिकवलेला तिचा मुलगा धाकटा अरिस्टिपस, आणि ‘मरणाला प्रवृत्त करणारा’ अशी ओळख मिळालेला हेगेसिअस, हे सगळे दुसऱ्या पुस्तकात आहेत (२.६५ ते १०४), म्हणजे पहिल्या खंडात. संशयाच्या बाजूलाही तीच गत. प्लेटोच्या अकादमीला संशयाकडे वळवणारा आर्केसिलाउस आणि पुढचा कार्नीअडीज चौथ्या पुस्तकात आहेत, तेही पहिल्याच खंडात. हिक्स यांची प्रस्तावनासुद्धा तिथेच. केवळ दुसरा खंड घेणाऱ्याला ‘सुख म्हणजे वेदनेचा अभाव’ हे एपिक्युरसचं म्हणणं वाचायला मिळतं, पण तो कोणाला उत्तर देतोय ते कळत नाही.

आणि ते कळणं फार गरजेचं आहे. सायरीनीचे लोक सुखाला गती मानत: मऊ, सुरळीत गती म्हणजे सुख, खडबडीत गती म्हणजे दुःख. वेदना नसणं ही त्यांच्या मते झोपलेल्या माणसाची अवस्था, ते सुख नव्हेच. शरीराची सुखं मनाच्या सुखांहून वरची आणि शरीराचं दुःख मनाच्या दुःखाहून वाईट, म्हणून तर गुन्हेगाराला शिक्षा शरीराची देतात, असा त्यांचा दाखला. एपिक्युरसचं उत्तर १०.१३६ आणि १०.१३७ मध्ये आहे. गतीतलं सुख त्याला मान्य आहे, पण स्थिर सुखही आहे, आणि मनाला त्रास नसणं व शरीराला वेदना नसणं ही ती स्थिर सुखं. शिवाय शरीर फक्त चालू क्षणाचं दुःख भोगतं, मन मात्र मागचं आणि पुढचंही भोगतं. म्हणून मनाचं दुःख मोठं. ही दोन पानं २.८६ ते ९० यांच्या शेजारी ठेवून वाचली की ‘खा, प्या, मजा करा’ म्हणजे एपिक्युरस हा गैरसमज एका बैठकीत निघून जातो. यासाठी तरी दोन्ही खंड एकत्र हवेत.

दहावं पुस्तक हा या खंडाचा जीव आहे. लाएर्शियस स्वतः खोल विचार करणारा नाही, आणि हाच इथे त्याचा मोठा गुण ठरतो: तो मतं मांडत बसत नाही, कागदपत्रं उतरवून घेतो. एपिक्युरसचं मृत्युपत्र (१०.१६ ते २१), मरणाच्या दिवशी लिहिलेलं पत्र (१०.२२), हेरोडोटस, पायथोक्लीज आणि मेनोशियस यांना लिहिलेली तीन पत्रं, आणि शेवटी ४० सूत्रं. (हा हेरोडोटस इतिहासकार नव्हे, एपिक्युरसचा शिष्य.) मृत्युपत्रात बाग (त्याचा पंथ जिथे जमे ती) कोणाकडे जावी, दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सोबत्यांनी जमावं, कोणत्या गुलामांना मुक्त करावं, हे नावानिशी आहे, फाएड्रिअम नावाच्या गुलाम बाईलाही त्यात स्वातंत्र्य दिलेलं आहे. सुखाचा विचार सांगणाऱ्याने आपल्या माणसांची सोय कशी लावली हे बघायला हे सहा परिच्छेद पुरेसे आहेत. अनेक वाचक ते कायदेशीर मजकूर म्हणून ओलांडून पुढे जातात. तसं करू नये.

मात्र दहाव्याच्या तोंडालाच एक खड्डा आहे. १०.३ ते १०.८ हे सगळे आरोप आहेत: खादाडपणा, खुशामत, बायकांची प्रकरणं, दुसऱ्यांची मतं चोरणं. डायोटिमस नावाच्या एका स्टोइकाने एपिक्युरसच्या नावावर ५० अश्लील पत्रं खपवली, हेही इथेच आहे. १०.९ ला लाएर्शियस साफ सांगतो की हे म्हणणाऱ्यांना वेड लागलंय, आणि मग साक्षी देतो. त्यातली १०.११ मधली साक्ष मला सर्वांत पटते: एपिक्युरस पाणी आणि साधी भाकरी यांवर समाधानी होता, आणि एका मित्राला लिहितो की चीजचं एक भांडं पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. पहिले आठ परिच्छेद वाचून पुस्तक मिटणाऱ्याच्या डोक्यात नेमका उलटा माणूस राहतो. म्हणून वाचनाची सुरुवात मेनोशियसच्या पत्रापासून करावी (१०.१२२ ते १३५), मग सूत्रं, मग चरित्र.

मेनोशियसचं पत्र अर्ध्या तासात वाचून होतं, पण ते वापरायचं पत्र आहे. त्यातली इच्छांची विभागणी एखाद्या पाककृतीसारखी पायरीपायरीने घेता येते. इच्छा आधी दोन भागांत टाकायच्या: नैसर्गिक आणि पोकळ. नैसर्गिकमध्ये पुन्हा दोन: आवश्यक आणि नुसत्या नैसर्गिक. आवश्यकमध्ये तीन: सुखी असण्यासाठी लागणाऱ्या, शरीराचा त्रास जाण्यासाठी लागणाऱ्या, आणि जगण्यासाठीच लागणाऱ्या. भूक भागणं आवश्यक. पंचपक्वान्नं नैसर्गिक पण आवश्यक नाहीत. पुतळा उभारला जावा ही इच्छा पोकळ. इथे गफलत होते ती मधल्या गटात. महाग जेवण वर्ज्य आहे असं एपिक्युरस कुठेच म्हणत नाही. त्याची सवय लागली की ते नसताना त्रास होतो, आणि तो त्रास आधी नव्हता, एवढंच त्याचं गणित. दुसरी गफलत १०.१२९ कडे दुर्लक्ष केल्याने होते: प्रत्येक सुख चांगलं आहे, पण प्रत्येक सुख निवडायचं नाही, आणि पुढे मोठं सुख येणार असेल तर दुःखही पत्करायचं. हे वाक्य सुटलं की सगळं पत्र सैल पडतं. आणि १०.१३५ मध्ये तो सांगतो की या गोष्टींचा रात्रंदिवस विचार कर, एकट्याने आणि आपल्यासारख्या कोणाबरोबर. ‘कोणाबरोबर’ हा भाग महत्त्वाचा. बागेतलं तत्त्वज्ञान मुळात सोबतीने करायचं होतं.

हेरोडोटसचं पत्र (१०.३५ ते ८३) अवघड आहे आणि पहिल्या वाचनात डोक्यावरून जातं. अणू, पोकळी, वस्तूंवरून सतत निघणारी पातळ प्रतिबिंबं, आत्म्याची घडण, हे सगळं त्यात कोंबलेलं आहे. हस्तलिखितांत मजकूर जागोजाग बिघडलेला, आणि त्यावर आणखी एक अडथळा: जुन्या कोणा वाचकाच्या समासातल्या टिपा मूळ मजकुरात घुसलेल्या आहेत. ‘हे तो मोठ्या सारांशातही म्हणतो’ अशा धर्तीची वाक्यं मध्येच दिसली तर ती एपिक्युरसची नव्हेत. हिक्स यांनी ती चौकटी कंसात ठेवली आहेत, आणि या खंडाबद्दल कौतुकाने सांगावी अशी ही गोष्ट आहे. हे पत्र ओळीने वाचण्यापेक्षा आधी १०.३१ ते ३४ वाचावं. तिथे खरं-खोटं ठरवायची तीन मापं दिली आहेत: संवेदना, आधीच्या अनुभवातून तयार झालेल्या धारणा, आणि सुखदुःखाच्या भावना. ही तीन डोक्यात बसली की पत्रातला प्रत्येक युक्तिवाद कोणत्या मापावर उभा आहे ते दिसू लागतं.

पायथोक्लीजचं पत्र (१०.८४ ते ११६) खुद्द एपिक्युरसचं आहे का, याबद्दल काही अभ्यासकांना शंका आहे. तरी सुख आणि संशय एकत्र वाचणाऱ्याने ते सोडू नये. आकाशातल्या घटनांची कारणं देताना इथे एकच कारण पक्कं केलेलं नाही. गडगडाट म्हणजे ढगांच्या पोकळीत वारा घुमणं असू शकेल, वाऱ्यासोबत आग धडधडणं असू शकेल, ढग फाटणं असू शकेल, गोठलेल्या ढगांचं घर्षणही असू शकेल. जे दिसतं त्याच्याशी जुळणारी दोन कारणं असताना एक धरलं आणि दुसरं टाकलं, तर तो निसर्गाचा अभ्यास राहत नाही, ती दंतकथा होते, असं १०.८७ मध्ये स्पष्ट आहे. इतक्या ठाम पंथाने एवढी जागा मोकळी ठेवलेली बघून संशयवाद्यांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. फरक असा की एपिक्युरसला इथे कारणांचा निकाल लावायचा नाही, पण देव वीज टाकत नाहीत हे मात्र पक्कं ठेवायचं आहे. याच पत्रात, सूर्य आपल्याला दिसतो तेवढाच आहे, असंही एक विधान आहे (१०.९१). संवेदनेवर भरवसा ठेवायचा हट्ट कुठपर्यंत जातो याचा हा नमुना, आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही.

आता नववं. पिरो हा एलिसचा. ॲनाक्सार्कससोबत तो सिकंदराच्या मोहिमेत भारतापर्यंत गेला आणि तिथल्या नग्न साधूंना भेटला, असं ९.६१ सांगतं. पुढच्याच परिच्छेदात प्रसिद्ध गोष्ट आहे: तो कशालाच चुकवत नसे, गाड्या, कडे, कुत्रे, काहीही, आणि मित्र त्याला सांभाळत. ही कॅरिस्टसच्या अँटिगोनसची माहिती. तिथेच लगेच एनेसिडेमस या नंतरच्या संशयवाद्याचं म्हणणं दिलंय की पिरो निर्णय तहकूब ठेवत असला तरी व्यवहारात बेफिकिरीने वागत नसे. आणि तो जवळपास ९० वर्षं जगला. कडे न चुकवणारा माणूस ९० वर्षं जगत नाही. लाएर्शियसने दोन्ही बाजू मांडून निकाल दिलेला नाही, आणि संशयवाद्याच्या चरित्राला तेच शोभतं. पिरो बहिणीसोबत राहत असे; ती सुईण होती, आणि तो बाजारात कोंबड्या विकायला जाई, डुकराला अंघोळही घाली (९.६६). कुत्रा अंगावर आला तेव्हा तो दचकला, आणि कोणी बोललं तेव्हा म्हणाला की माणूसपण पूर्ण उतरवून ठेवणं कठीण आहे. वादळात बोटीवर बाकीचे घाबरलेले असताना शांतपणे खात बसलेल्या डुकराकडे त्याने बोट दाखवलं, तेही इथेच (९.६८).

पण नवव्यातला खरा ऐवज ९.७९ ते ८९ हा आहे: संशयाच्या दहा पद्धती आणि ॲग्रिपा या नंतरच्या संशयवाद्याच्या पाच. दहा पद्धती म्हणजे एकच गोष्ट वेगवेगळी कशी दिसते याचे दहा प्रकार. विषारी हेमलॉक लावा पक्ष्याला पोसतं आणि माणसाला मारतं. सिकंदराचा कारभारी डेमोफॉन याला सावलीत ऊब वाटे आणि उन्हात थंडी. जांभळा रंग उन्हात, चांदण्यात आणि दिव्याच्या उजेडात वेगळा दिसतो. इजिप्तचे लोक मृतदेह मसाले भरून ठेवतात, रोमन जाळतात, पेओनियन तळ्यात टाकतात. दारू बेताची घेतली तर बळ देते, जास्त झाली तर काढून घेते. इथे एक सावधगिरी हवी: संशयवादी लेखक सेक्स्टस एम्पिरिकस यानेही याच दहा पद्धती दिल्या आहेत, पण क्रम वेगळा आहे. चालीरीती आणि कायद्यांची पद्धत लाएर्शियसकडे पाचवी, सेक्स्टसकडे दहावी. क्रमांक जुळत नाहीत हे खुद्द लाएर्शियस ९.८७ मध्ये नोंदवतो. म्हणून दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचताना पद्धत क्रमांकाने नव्हे, विषयाने ओळखावी. नाहीतर टिपणांचा हमखास गुंता होतो.

ॲग्रिपाच्या पाच पद्धती अवघ्या दोन परिच्छेदांत संपतात, आणि खंडातला सर्वांत धारदार भाग तोच. कोणी विधान केलं की आधी बघायचं, यावर मतभेद आहे का. आहे, तर पुरावा मागायचा. पुराव्याला पुरावा, त्याला आणखी पुरावा, असं अंतहीन चाललं तर काहीच सिद्ध झालं नाही. समोरचा कुठेतरी थांबला आणि ‘हे गृहीतच धरा’ म्हणाला, तर त्याच्या उलट गृहीत धरायलाही तितकीच मोकळीक आहे. पुराव्याला आधार म्हणून मूळ विधानच वापरलं तर ते वर्तुळ. आणि काहीही झालं तरी गोष्ट कोणाला तरी, कशाच्या तरी संदर्भात दिसते, हे उरतंच. मतभेद आणि सापेक्षता प्रश्न उभा करतात. अंतहीन मालिका, गृहीतक आणि वर्तुळ पळवाटा बंद करतात. पाचही एकत्र चालवल्या तरच सापळा बसतो. एकटी सापेक्षता घेऊन ‘ज्याचं त्याचं खरं’ म्हणणारा माणूस पिरोच्या पंथातला नव्हे, कारण ते म्हणणंही एक ठाम मतच झालं. ही चूक टाळण्यासाठी ९.७६ नीट वाचावं: संशयवाद्यांची वचनं रेचकासारखी असतात, मळासोबत स्वतःही बाहेर पडतात.

पुढे ९.१०२ ते १०८ मध्ये विरोधकांचे आक्षेप आणि त्यांची उत्तरं आहेत. तुम्ही काहीच मानत नाही तर जगता कसे, हा मुख्य आक्षेप. उत्तर असं की जे दिसतं ते आम्ही नाकारत नाही. आग जाळते हे दिसतं; जाळणं हा तिचा स्वभाव आहे का, यावर निर्णय तहकूब. मध गोड आहे असं टायमन ठामपणे म्हणत नाही, गोड लागतो हे मात्र मान्य करतो. निर्णय तहकूब केला की शांती सावलीसारखी मागून येते, हे ९.१०७ मध्ये. इथे लाएर्शियस उत्तरं फार आखडून देतो. वाचकाला अर्धवट राहिल्यासारखं वाटेल, आणि ते वाटणं बरोबर आहे.

दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचायचं सर्वांत मोठं कारण ९.६४ मध्ये दडलंय. एपिक्युरस ज्याच्याकडे शिकला असं सांगतात तो नॉसिफॅनीज तरुणपणी पिरोच्या प्रभावाखाली होता, आणि एपिक्युरस पिरोच्या जगण्याचं कौतुक करत त्याला पिरोबद्दल वारंवार विचारत असे. मग १०.८ उघडावं: तिथे एपिक्युरसने लोकांना दिलेल्या शिव्यांची यादी आहे, आणि त्यात पिरो अडाणी, अशिक्षित, नॉसिफॅनीज तर जेलीफिश. यातली दुसरी यादी वैऱ्यांच्या तोंडची आहे हे विसरू नये. तरी दोन्ही एकत्र ठेवली की एक गोष्ट हाती लागते: मनाची जी शांती पिरोकडे दिसली, ती एपिक्युरसलाही हवी होती, फक्त पिरोच्या वाटेने नको होती. सूत्र २३ मध्ये तो म्हणतो की सगळ्याच संवेदनांशी भांडलात, तर ज्यांना तुम्ही खोट्या म्हणता त्या तपासायलाही काही माप उरणार नाही. दोघांना गाठायची जागा एक. एक तिथे पक्क्या ज्ञानाने जातो, दुसरा निर्णय सोडून देऊन. खंडाच्या या टोकाला हे दोघे लागून आले आहेत हा वाचकाचा मोठा फायदा आहे.

आवृत्तीबद्दल. हिक्स यांचं इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं आहे. वाक्यं लांब, आणि तांत्रिक जागी थोडी जड. ग्रीक मजकूर पाठभेदांच्या बारीक अभ्यासासाठी पुरेसा नाही. त्यासाठी टिझियानो दोरांदी यांची २०१३ ची केंब्रिज आवृत्ती लागते. नुसतं इंग्रजी आणि ओघ हवा असेल तर पामेला मेन्श यांचं २०१८ चं ऑक्सफर्ड भाषांतर जास्त सुखाचं आहे. पण ग्रीक आणि इंग्रजी समोरासमोर, हातात मावणाऱ्या आकारात, हे लोएबचं बलस्थान अजून कायम आहे. ज्यांना ग्रीक येत नाही त्यांनाही त्याचा उपयोग होतो, कारण एकच संज्ञा तीन ठिकाणी वेगळी भाषांतरित झाली आहे का, हे डोळ्यांनी जुळवून बघता येतं. विकत घ्यायच्या आधी पारखायचं असेल तर हिक्स यांचं भाषांतर पर्सियस या संकेतस्थळावर मोफत आहे. परिच्छेद क्रमांक टाकून नेमका भाग उघडता येतो.

दोन्ही खंड घेऊनही काही गोष्टी सापडणार नाहीत, आणि त्या शोधत वेळ घालवू नये. अणू किंचित वळतात हा प्रसिद्ध सिद्धांत हेरोडोटसच्या पत्रात नाही. तो एपिक्युरसच्या पंथातला रोमन कवी ल्युक्रेशियस याच्या काव्याच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. एपिक्युरसच्या नावाची ८१ वचनं व्हॅटिकनच्या एका हस्तलिखितात १८८८ साली सापडली. त्यातली काही या ४० सूत्रांतलीच आहेत, बाकीची इथे नाहीत. ‘देवाला भिऊ नको, मरणाची काळजी नको, चांगलं मिळवणं सोपं, वाईट सोसणं सोपं’ हा चार ओळींचा उतारा पहिल्या चार सूत्रांचं सार आहे, पण त्या स्वरूपात तो व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनिअम शहराच्या जळक्या पपायरसांत, फिलोडेमस या एपिक्युरसपंथी लेखकाच्या लेखनात आहे. कार्नीअडीजने निर्णय तहकूब ठेवूनही कोणती गोष्ट जास्त पटण्याजोगी मानावी याची जी पायरीवार रीत सांगितली, ती चौथ्या पुस्तकातल्या त्याच्या पाच परिच्छेदांत नाही. त्यासाठी सिसेरो आणि सेक्स्टस. आणि ९.१०८ ला जे अर्धवट वाटलं होतं त्याचं सविस्तर उत्तर सेक्स्टसच्या ‘पिरोवादाची रूपरेषा’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात आहे. लोएबमध्ये तो २७३ क्रमांकाचा खंड, भाषांतर आर. जी. बरी यांचं, सोपं इंग्रजी हवं असेल तर ॲनस आणि बार्न्स यांचं केंब्रिजचं. नववं पुस्तक संपवून लगेच तोच हाती घ्यावा, दहा पद्धतींची उदाहरणं ताजी आहेत तोवर.